सतरंजीची खोली

आमच्या कॉलेजात कुणाचं कुणाशी वाजलं की ते मिटवायचं काम माझ्याकडे येतं. कागदावर त्या कामाचं नाव लांबलचक आहे, त्यात सुसंवाद आहे, समिती आहे, समन्वयक आहे. बोलताना सगळे 'समेटाच्या मॅडम' एवढंच म्हणतात. एरवी मी राज्यशास्त्र शिकवते. कॉलेज इतकं लहान, की शिकवणारे, ऑफिसातले आणि शिपाई सगळे धरले तरी एका एसटीत मावतील आणि वर दोन-चार सीटा रिकाम्या राहतील. नावं मी सांगणार नाही. कॉलेजचंही नाही. नावं न सांगणं एवढी एकच गोष्ट या कामात मी शेवटपर्यंत नीट केली आणि तिचा मला फार गर्व होता.

प्राचार्यांनी मला निवडलं ते मी स्टाफरूममध्ये चहाला बसत नाही म्हणून. त्यांना वाटलं, बाई गंभीर आहे, इकडचं तिकडं करत नाही. खरं तर मला तिथला पाकासारखा चहा सोसत नाही आणि तिथल्या गप्पा तर त्याहून सोसत नाहीत. पण आपल्या आखडूपणाला कुणी गांभीर्य समजत असेल तर आपण होऊन कोण कशाला दुरुस्ती सांगतं?

वर्ध्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवलं ते साधंच होतं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, मधे तोंड घालायचं नाही, निकाल द्यायचा नाही, आणि एकाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. मी ते सगळं वहीत उतरवून आणलं आणि त्यात माझी एक भर घातली. ती भर म्हणजे सतरंजी.

त्याचं असं आहे. आमच्याकडे माणूस कोण आहे ते त्याच्या खुर्चीवरून कळतं. प्राचार्यांची चाकांची, प्राध्यापकांची हातांची, कारकुनांची बिनहाताची, आणि शिपाई, परिचर यांना स्टूल, तेही रिकामं असेल तर. अशा खुर्च्यांवर दोन माणसं समोरासमोर बसवली तर समेट काय डोंबल होणार? मला लायब्ररीमागची खोली मिळाली होती, जिथं आधी श्रमदानाची फावडी आणि टोपल्या असायच्या. मी ती झाडून घेतली, घरून निळ्या पट्ट्यांची मोठी सतरंजी आणली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली. दारापासूनच सतरंजी सुरू व्हायची. जो येईल तो खाली बसेल, मीही खाली बसेन, सगळे एका पातळीवर. प्राचार्य एकदा पाहायला आले, गुडघे धरत खाली बसले आणि म्हणाले, 'कल्पना उत्तम आहे, फक्त उठायला हात द्या.' मला आठवडाभर ते वाक्य पुरलं.

गुप्ततेच्या बाबतीत तर मी कडकलक्ष्मीच होते. खिडकीचा पडदा स्वतः शिवला. दोन माणसांच्या वेळांमध्ये अर्धा तास सोडायची, म्हणजे येणारा जाणाऱ्याला भेटू नये. टिपणं काढलीच तर त्याच दिवशी फाडून घरी न्यायची आणि सकाळी बंबात घालायची. घरचे म्हणायचे, तू काय सरकार उलथवायच्या कामाला लागली आहेस का? मी हसायची नाही. मला खरोखरच वाटायचं की या गावात गुपित सुरक्षित असेल अशी एकच जागा आहे आणि ती मी तयार केली आहे.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली परिचर माझ्याकडे आली ती एप्रिलमध्ये, प्रॅक्टिकल परीक्षा संपल्यावर. पस्तिशीची असेल. तळेगावहून रोज एसटीनं यायची. नोकरी कंत्राटी, दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची आणि ऑर्डरीसाठी विभागप्रमुखांची शिफारस लागायची. त्या प्रयोगशाळेत कोणती बाटली कुठल्या फळीवर आहे हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. दाराशी तिनं चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट जोडीनं ठेवल्या. डाव्या चपलेचा अंगठा बसस्टँडवरच्या मोच्यानं लाल दोऱ्यानं शिवलेला होता. मला ते नीटनेटकेपण आवडलं. मी दार लोटलं.

खाली बसल्यावर ती बराच वेळ सतरंजीच्या दशा सारख्या करत राहिली. मग म्हणाली, 'मॅडम, मले कोनाची तक्रार नाई कराची. पह्यले हे सांगतो.'

'तक्रार इथं नसतेच. तुम्ही बोला.'

'दिवाळीनंतर एक लेन्स हरपली. मायक्रोस्कोपची. सर मले काहीच बोल्ले नाई. बोल्ले असते तं बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी म्हणे, कपाटाच्या किल्ल्या माह्याजवळ राहू दे. तवापासून रोज सकाळी पोरंपोरी उभे राह्यतात आन् त्यायच्यासमोर मले सरायले किल्ल्या मांगा लागतात. सर खिशातून काढून टेबलावर ठेवतात. हातात नाई देत.'

सर म्हणजे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. विषय जीव तोडून शिकवायचे. पण एकदा मनात काही बसलं की ते विचारून मोकळं व्हायची सवय त्यांना नव्हती.

'लेन्स सापडली नाही का?' मी विचारलं.

'भेटली न. फेब्रुवारीतच भेटली. जुन्या स्लाइडच्या डब्यात होती. डब्यावर चिठ्ठी सरायच्याच हातची हाये, तारखेसकट. त्यायनंच ठेवली आन् इसरले.'

'मग तुम्ही त्यांना दाखवली?'

विचारलं आणि लगेच आपण किती बावळट प्रश्न विचारला हे मला कळलं. ज्याच्या शिफारशीवर पोट आहे त्याला 'चूक तुमची होती' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं लेन्स मुकाट्यानं जागेवर ठेवली होती. सरांनीही ती पाहिली असणार. किल्ल्या मात्र खिशातच राहिल्या.

'तुम्हाला काय हवं आहे?' मी विचारलं. हा प्रश्न प्रशिक्षणात शिकवलेला होता.

'माफी-बिफी नाई पायजे मॅडम. एक दिवस सकाळी पोरायसमोर किल्ल्या माह्या हातात द्याव्या. बस. पोरायले वाटते मी चोर हाये.'

आमचं ठरलं ते असं. जूनमध्ये तिची ऑर्डर निघू द्यायची. तोवर ती माझ्याकडे आली होती हे सरांना कळू द्यायचं नाही. मग मी सरांना खोलीत बोलावून हळूच विषय काढायचा. उठता उठता ती म्हणाली, 'सरायले आत्ता समजलं तं माह्यं काही खरं नाई.' मी म्हणाले, 'इथलं बोलणं इथून बाहेर जात नाही.' हे वाक्य मी ज्या रुबाबात म्हटलं तो रुबाब मला आजही आठवतो आणि शरम वाटते.

तीन दिवसांनी मी तास संपवून वर्गाबाहेर आले तर ती व्हरांड्यात उभी. हातातली पिशवी पोटाशी धरलेली.

'मॅडम, सरायले समजलं.'

'काय समजलं?'

'मी तुमच्याकडे आलती ते. कालपासून मले कामच नाई सांगून राह्यले. सारं सोताच मांडतात. म्या म्हटलं तुमाले...'

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकदम सणक गेली. एवढा पडदा शिवला, एवढे कागद जाळले, आणि ही बाई भर व्हरांड्यात येऊन मला सांगते की गोष्ट फुटली. म्हणजे ती माझ्याकडून फुटली असंच ना? मी म्हणाले, 'माझ्याकडून नाही. तीन वर्षांत माझ्याकडून एक शब्द बाहेर गेलेला नाही. तूच कुणाजवळ बोलली असशील. बसमध्ये, स्टँडवर, कुठं तरी. आठवून बघ.'

सतरंजीवर मी तिला अहो-जाहो करत होते. व्हरांड्यात ते आपोआप गळून पडलं.

तिनं तोंड उघडलं होतं ते मिटलं. पिशवी दुसऱ्या हातात घेतली. 'बरं,' म्हणाली, आणि सायन्सच्या बाजूला चालू लागली. मी तिला हाक मारू शकत होते. पुढचा तास होता, पण तो काही एवढ्यात पळून जात नव्हता. मी हाक मारली नाही, कारण मला वाईट वाटलं होतं. माझ्यावर संशय घेतला म्हणून मला वाईट वाटलं होतं, हे आता लिहितानाही मला माझंच हसू येतं, आणि ते हसू चांगलं नाही.

जूनमध्ये कंत्राटी लोकांच्या ऑर्डरी निघाल्या. तिची निघाली नाही. शिफारशीच्या कागदावर सरांनी लिहिलं होतं की प्रयोगशाळेचं काम आता परिचराविना भागू शकेल. प्राचार्यांना ते थोडं खटकलं असावं. त्यांनी मला बोलावून विचारलं, 'मॅडम, त्या बाईंचं तुमच्याकडे काही होतं का? असेल तर मी या कागदावर सही करण्याआधी सरांशी बोलतो.'

मी काय करू शकत होते ते अगदी साधं होतं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. 'प्राचार्यांना सांगू का?' एवढं तिला विचारायचं होतं. ती हो म्हणाली असती, मग मी बोलले असते, आणि नियमही शाबूत राहिला असता. पण मी अजून रागात होते. मी ताठ बसून म्हणाले, 'सर, माझ्याकडे कोण आलं आणि कोण नाही, हे मी सांगू शकत नाही.' प्राचार्यांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर दिसला. त्यांनी सही केली.

नियमाच्या आड लपून सूड घेता येतो हे मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं, ते मी स्वतःच शिकले. त्या वेळी त्याला सूड म्हणायची माझी तयारी नव्हती. मी त्याला तत्त्व म्हणत होते.

पुढचं वर्ष लागलं. खोलीत माणसं येत राहिली. कुणाचं परीक्षेच्या ड्यूटीवरून, कुणाचं एका टेबलावरून, कुणाचं ग्रुपवर टाकलेल्या एका अंगठ्यावरून. माझं नाव चांगलं होतं. मग फेब्रुवारीत एक दिवस गणिताचे एक तरुण प्राध्यापक ठरलेल्या वेळी आले. आले ते अनवाणी. फरशी गार होती आणि ते टाचा उचलून चालत होते.

'सर, चपला कुठं आहेत तुमच्या?'

'लायब्ररीत, रॅकच्या मागं.'

'काऊन?' मीही आता चाळीस वर्षं इथं राहून 'का'ऐवजी काऊनच म्हणते.

ते ओशाळले. 'बाहेर ठेवल्या तं साऱ्या कॉलेजले समजते न मॅडम. या व्हरांड्यातूनच सायन्सकडे जावं लागते. कोनाच्या चपला कोनत्या, हे साऱ्याइले पाठ हाये. ज्याले लपवाचं असते तो अनवाणीच येते तुमच्याकडे. तुमाले माहीत नाई?'

मला माहीत नव्हतं. मी आत बसलेली असायची, दार लोटलेलं, पडदा ओढलेला. बाहेर माझ्या दाराशी रोज एकेकाचं नाव जोडीनं मांडून ठेवलेलं असायचं.

मग ते सहज म्हणाले, 'त्या लॅबवाल्या बाईचं तसंच झालं न. लाल दोरा. सर स्टाफरूममध्ये बोल्ले होते, माही शिकायत गेली समेटात, मी चपला पाहून आलो म्हणून.'

स्टाफरूममध्ये. जिथं मी चहाला बसत नाही.

त्यांचं भांडण काय होतं ते मी त्या दिवशी कसं ऐकलं मला आठवत नाही. ते गेल्यावर मी सतरंजीवर तशीच बसून राहिले. एका बाईची नोकरी माझ्या सतरंजीनं गेली होती. मी खुर्च्या ठेवल्या असत्या तर ती चपला घालून आत आली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. आणि मी तिलाच विचारलं होतं, तू कुणाजवळ बोललीस.

तिचा पत्ता काढायला पंधरा दिवस गेले. म्हणजे पत्ता लायब्ररीतल्या शिपायानं एका मिनिटात सांगितला, पंधरा दिवस मला लागले. फोन उचलायचा आणि ठेवायचा. त्या पंधरा दिवसांत खोलीत आणखी दोघं येऊन गेले. शेवटी एका रविवारी मी एसटीत बसले आणि तळेगावला उतरले.

हायवेला लागून संत्र्यांचं शेड होतं. मृग बहाराचा माल आलेला, आवारात ट्रक उभा, आणि ताडपत्रीवर ढिगाभोवती बाया बसलेल्या. लहान, मधला, मोठा असा माल निवडून क्रेटमध्ये टाकत होत्या. तिनं मला आधी पाहिलं. उठली नाही, पण शेजारी सरकून जागा केली. मी तिच्याजवळ खाली बसले.

मी रस्ताभर पाठ केलं होतं ते बोलले. 'सरांना तुमच्या चपलांवरून कळलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही सांगितलं नव्हतं. मी तुमच्यावर उगाच आळ घेतला. मला आत्ता कळलं. माझं चुकलं.'

तिचे हात थांबले नाहीत. 'मले माहीत हाये मॅडम.'

'काय माहीत आहे?'

'चपलाचं. मी तुमच्या खोलीतून बाहेर निघाली तवा सर तिथंच उभे होते, माह्या चपलांपाशी. काही बोल्ले नाई. पाह्यलं आन् गेले.'

'मग तेव्हाच मला का नाही सांगितलं?'

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

'तेच सांगाले तं आलती मी त्या दिवशी. माह्यं झालं ते झालं. पण मागून कोनी येईन, त्याचं असं नको व्हाले. म्हटलं मॅडमले सांगू, लोकायच्या चपला अंदर ठेवू देजा. तुमी बोलूच नाई देल्लं.'

ज्या एका गोष्टीसाठी मला नेमलं होतं, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देण्यासाठी, तीच मी तिच्या वेळी केली नव्हती. आणि ते वाक्य तिच्यासाठी नव्हतंच. ते माझ्या खोलीत पुढं येणाऱ्या कुणासाठी तरी होतं.

तिनं मला बाटलीतलं पाणी दिलं. घरचं विचारलं, कॉलेजचं विचारलं. नवं कोणी लागलं का प्रयोगशाळेत, म्हणाली. मी नाही म्हटलं. 'मंग बाटल्यायवर धूळ बसली असन,' ती म्हणाली. मी प्राचार्यांशी बोलते म्हणाले, तर मान हलवून म्हणाली, 'बोलून पाहा. पण किल्ल्या मांगाले आता माह्यानं नाई येववत.' परतीची गाडी यायची वेळ झाली तशी मी उठले. मागून तिनं विचारलं, 'आता अंदर ठेवता न चपला?'

'हो,' मी म्हणाले. 'आता आतच ठेवतात.'

'बरं झालं,' ती म्हणाली, आणि पुढचं संत्रं उचललं.

मी खोटं बोलले होते. त्या अजून बाहेरच होत्या. पंधरा दिवस मी स्वतःला दोष देत होते, झोपेत कूस बदलत होते, काय बोलायचं ते पाठ करत होते, आणि त्याच पंधरा दिवसांत दोन माणसं माझ्या दाराबाहेर चपला काढून आत आली होती. चपला आत घेतल्या असत्या तर सगळ्या कॉलेजला कळलं असतं की भोक माझ्याच दाराला होतं. म्हणून मी ते पुढं ढकलत होते.

सोमवारी पहिल्या तासाआधी मी खोली उघडली. सतरंजी दारापासून हातभर मागं ओढली, आतल्या बाजूला दाराशी जुनं गोणपाट टाकलं आणि सगळ्यांत आधी माझ्या चपला त्यावर काढल्या. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.